सहाशे चाळीसची हद्द

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेल्या पर्सनल कॉम्प्युटरच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात १६ किलोबाइट मेमरी होती. मुख्य पाटीवर ती ६४ किलोबाइटपर्यंत वाढवता येई. त्यापुढे वेगळी कार्डे विकत घेऊन बसवावी लागत. आत इंटेलची ८०८८ ही चिप होती. पत्ता सांगण्यासाठी तिच्यातून २० तारा बाहेर पडत, आणि २० तारांवर १०,४८,५७६ इतकेच वेगवेगळे पत्ते मांडता येतात. एक मेगाबाइट ही या यंत्राची चतुःसीमा अशी ठरली.

या एक मेगाबाइटची वाटणी आयबीएमच्या अभियंत्यांनी केली. खालचे ६४० किलोबाइट प्रोग्रामांना आणि वरचे ३८४ पडद्याची मेमरी, जोडकार्डे आणि बायोस म्हणजे यंत्र जागे करणारा कायमचा प्रोग्राम यांना. ८०८८ चालू होताच आपली पहिली आज्ञा पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकाशी शोधते, त्यामुळे बायोस तिथे असणे भागच होते. तळाचे पहिले १,०२४ बाइटही आधीच राखीव होते: कळ दाबली गेली, घड्याळाचा ठोका पडला, डिस्कचे काम संपले, अशा प्रत्येक घटनेला कोणत्या पत्त्यावर धाव घ्यायची याची यादी तिथे असे. ६४० किलोबाइट कोणालाही पुरतील, असे मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स म्हणाल्याचे सांगितले जाते. त्याला पुरावा नाही, त्यांनी स्वतः ते नाकारले आहे, आणि ही रेषा त्यांनी आखलेलीही नव्हती. शिवाय १६ किलोबाइटच्या यंत्रासाठी चाळीसपट जागा राखणे ही कंजुषी म्हणता येत नाही. गफलत वेगळ्याच ठिकाणी होती. एका वेळी एकच प्रोग्राम चालेल आणि समोरची सगळी जमीन त्याचीच असेल, असे धरून हा नकाशा काढलेला होता. पुढच्या चौदा वर्षांत मेमरीच्या जेवढ्या म्हणून युक्त्या निघाल्या, त्यांतल्या बहुतेक या एका गृहीतकाशी जुळवून घेण्यासाठी निघाल्या.

एका यंत्रावर अनेक कामे चालवणे ही गोष्ट १९८१ मध्ये नवी नव्हती. मोठ्या संगणकांवर ती साठच्या दशकापासून चालत आली होती. पण तिथे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये एक राखणदार सर्किट बसवलेले असे. प्रोग्राम जो पत्ता मागेल तो हे सर्किट तपासी, खऱ्या पत्त्यात बदली आणि मागणारा आपल्या वाट्याबाहेर गेला तर त्याला तिथेच अडवी. लहान यंत्रांत हे सर्किट परवडत नव्हते. ॲपलने जानेवारी १९८३ मध्ये आणलेल्या लिसामध्ये ते होते, एक मेगाबाइट मेमरीही होती. किंमत मात्र ९,९९५ डॉलर, आणि लिसा फारशी विकली गेली नाही. त्याही आधी, १९७९ मध्ये, डिजिटल रिसर्चच्या एमपी/एम या प्रणालीने ६४ किलोबाइटच्या आठ-बिटी चिपेवर अनेक टर्मिनले चालवून दाखवली होती. तिची युक्ती साधी होती. मेमरीच्या अनेक पेट्या बाळगायच्या आणि एका वेळी एकच पेटी प्रोसेसरला जोडायची. पाळी बदलली की पेटी बदलायची. ८०८८ मध्ये राखणदारही नव्हता आणि पेट्याही नव्हत्या. कोणताही प्रोग्राम मेमरीत कुठेही लिहू शके. शेजाऱ्याच्या जागेत, यंत्राचा कारभार पाहणाऱ्या डॉस या प्रणालीच्या जागेत, तळाच्या त्या यादीतसुद्धा.

मायक्रोसॉफ्टच्या डॉसने मार्च १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मेमरीचे एक दप्तर ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक तुकड्याच्या आधी १६ बाइटांचा एक हद्दीचा दगड असे. त्यावर तीन नोंदी महत्त्वाच्या: तुकड्याचा मालक कोण, तुकडा केवढा, आणि एक अक्षर. मधल्या दगडांवर ‘एम’ आणि शेवटच्यावर ‘झेड’, ही मायक्रोसॉफ्टमधले अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे. एका दगडावरून दुसऱ्याचा पत्ता मिळे आणि अशी साखळी ६४० पर्यंत जाई. पण दगड रोवले म्हणून कुंपण होत नाही. एखाद्या प्रोग्रामने चुकून दगडावरच लिहिले तर साखळी तुटे, ‘मेमरी अलोकेशन एरर’ असा संदेश येई आणि यंत्र जागच्या जागी थांबे.

या व्यवस्थेतही एकाहून अधिक प्रोग्राम मेमरीत असत, मात्र चालत एकेकटे. लोटस १-२-३ या आकड्यांचे तक्ते मांडणाऱ्या प्रोग्रामच्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘सिस्टिम’ ही आज्ञा दिली की लोटस जागच्या जागी थबके आणि वर उरलेल्या जागेत डॉसची दुसरी प्रत उघडे. फायलींची नावे पाहून, फ्लॉपी फॉरमॅट करून ‘एक्झिट’ म्हटले की लोटस पुन्हा हालचाल करू लागे. दोन प्रोग्रामांचे हे नाते आई-मुलाचे होते: मूल संपेपर्यंत आईने स्तब्ध राहायचे. खुद्द डॉसलाही आपले अंग चोरून बसावे लागे. आज्ञा वाचणारा त्याचा प्रोग्राम दोन भागांत असे. लहान भाग तळाशी कायम, मोठा भाग ६४० च्या टोकाशी, तात्पुरता. जागा लागली तर चालू प्रोग्रामने हा मोठा भाग खुशाल पुसून टाकावा, असा करार होता. प्रोग्राम संपला की डॉस तो पुन्हा डिस्कवरून वाची. फ्लॉपीवरच सगळा कारभार असलेल्या कचेऱ्यांत वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्राम बंद करताच ‘कमांड.कॉम असलेली डिस्क घाला’ अशी मागणी पडद्यावर का येई, त्याचे कारण हे. वर्डस्टारही पूर्ण मेमरीत मावत नसे. त्याचे काही भाग स्वतंत्र फायलींत राहत आणि लागतील तेव्हा एकाच जागेत आळीपाळीने उतरत.

डॉसच्या त्याच दुसऱ्या आवृत्तीत ‘प्रिंट’ नावाचा छोटा प्रोग्राम होता. फाइल छापायला घालून माणसाने दुसरे काम करावे, एवढीच सोय तो करी. पण त्यासाठी तो संपल्यावरही मेमरीतून जात नसे. ‘माझे काम झाले, जागा मात्र मोडू नका’ असे डॉसला सांगण्याची रीत होती आणि ती रीत पाहून इतरांना कल्पना सुचल्या. १९८४ मध्ये बोरलँडने साइडकिक आणले. कोणताही प्रोग्राम चालू असताना दोन कळा एकदम दाबल्या की पडद्यावर चौकट उघडे. तिच्यात गणकयंत्र, टिपणवही, दिनदर्शिका. साइडकिक भरमसाट खपले आणि अशा, मेमरीत मुक्काम ठोकणाऱ्या, निवासी प्रोग्रामांची रांग लागली.

निवासी प्रोग्राम जागा होई तो तळाच्या यादीच्या आधारे. यादीत कळफलकापुढे जो पत्ता असे तो काढून हा प्रोग्राम आपला पत्ता लिही आणि जुना पत्ता आपल्याजवळ टिपून ठेवी. कळ दाबली की निरोप आधी याच्याकडे येई. ती कळ आपली नसेल तर हा तो जुन्या पत्त्यावर पोचता करी. दुसरा निवासी आला की तोही हेच करी, आणि आता निरोप दुसऱ्याकडून पहिल्याकडे, पहिल्याकडून बायोसकडे असा जाई. माणसे एकमेकांच्या खांद्यावर चढून उभी राहावीत तसा हा मनोरा असे. सर्वांत वरचा सुखरूप उतरू शके. मधला गेला की वरच्याजवळचा पत्ता ओसाड जागेचा होई आणि पुढच्या कळीला यंत्र हँग. साइडकिकचा तर हट्टच असे की मला सर्वांत शेवटी चढवा. मधला निवासी कसाबसा काढलाच तरी मागे एक भोक राही. डॉसला प्रोग्रामसाठी सलग जागा लागे, त्यामुळे इकडे ३० आणि तिकडे ४० किलोबाइट मोकळे असूनही ६० किलोबाइटचा प्रोग्राम बसत नसे.

दुसरी अडचण डॉसच्या स्वभावातली होती. एका कामात असताना त्याला मध्येच दुसरे काम सांगितले तर तो पहिल्याचे हिशेब विसरे. निवासी प्रोग्रामला फाइल उघडायची असेल तर डॉस मोकळा आहे ना, हे आधी पाहावे लागे. त्यासाठी डॉसच्या आत एक खूण होती, परंतु मायक्रोसॉफ्टच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता. प्रोग्रामरांनी ती स्वतः शोधली आणि एकमेकांना सांगितली.

भारतात ही यंत्रे मोठ्या संख्येने येऊ लागली ती नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर. सुट्या भागांवरची जकात उतरली, खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. दिल्लीची एचसीएल, बंगळूरची विप्रो, मुंबईची झेनिथ अशा कंपन्या आयबीएमसारखी यंत्रे जोडू लागल्या. इथे एक नवा पेच होता, तो अमेरिकेत नव्हता. ६४० किलोबाइटमध्ये आधीच डॉस, निवासी आणि मुख्य प्रोग्राम दाटीवाटीने बसलेले असताना देवनागरी लिपीला बिऱ्हाड कुठे द्यायचे?

इंग्रजी पडद्याचा हिशेब सरळ होता. ८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक घरासाठी दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. सगळा पडदा ४,००० बाइटांत मावे. अक्षरांचे आकार पडद्याच्या कार्डावरच्या चिपेत कोरलेले असत. देवनागरीत ‘क्षि’ लिहायचे तर क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार असे चार संकेत लागतात, दिसतो मात्र एकच आकार. आणि शेवटी उच्चारलेली वेलांटी आधी काढावी लागते. हे जुळवणी करणारे काम मेमरीत एखाद्या निवासी प्रोग्रामने करायचे, तर त्याला नियम हवेत, शेकडो आकार हवेत, आणि पडदा चित्रासारखा रंगवायचा म्हटला तर ४,००० बाइटांची जागा कितीतरी पटींनी वाढते. शिवाय नोंदी ठेवणारा डीबेस किंवा लोटस यांसारख्या प्रोग्रामांना याची गंधवार्ताही नसते.

आयआयटी कानपूर येथे ऐंशीच्या दशकात या प्रश्नावर काम झाले. तिथे देवनागरी संगणकाचा नमुना १९८३ मध्ये तयार होता. या कामातले एक प्रमुख नाव मोहन तांबे यांचे. मार्च १९८८ मध्ये पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक स्थापन झाली तेव्हा हे तंत्र तिथे आले आणि जिस्ट कार्ड या नावाने बाजारात गेले. पीसीच्या खाचेत बसणारे हे कार्ड आकार आणि जुळणीचे नियम स्वतःजवळ बाळगी. वापरणाऱ्या प्रोग्रामला फक्त एकेका बाइटाचे संकेत दिसत. पहिले १२८ इंग्रजीचे, वरचे भारतीय लिपींचे. डीबेसच्या लेखी तो नेहमीचाच मजकूर होता. कार्ड पडद्यावर जाणारा मजकूर वाटेत घेई आणि त्याचे ‘क्षि’ करी. लिपी अशी ६४० च्या हद्दीबाहेर, आपल्या स्वतंत्र ओसरीवर राहायला गेली. हेच संकेत पुढे भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की म्हणून प्रमाण केले. त्यांची रचना सर्व ब्राह्मीजन्य लिपींना सामाईक होती, त्यामुळे हिंदीतला मजकूर आणि मराठीतला मजकूर साठवताना यंत्राला काही फरक पडत नसे. ‘ळ’ त्यात होताच.

याचा अर्थ सीमेवरच्या जिल्ह्यांत नीट कळतो. वैनगंगेकाठचे बालाघाट मध्य प्रदेशात, त्याचा दक्षिणेचा शेजारी गोंदिया महाराष्ट्रात, आणि त्या काळी तो भंडारा जिल्ह्याचाच भाग. एकाच बोलीभाषेच्या पट्ट्यात अलीकडे कागद हिंदीत लिहायचे, पलीकडे मराठीत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात देशभरच्या जिल्हा मुख्यालयांना उपग्रहाने जोडणारे निकनेट उभारायला घेतले. रचना तीन पायऱ्यांची होती. दिल्ली, पुणे, भुवनेश्वर आणि हैदराबाद येथे मोठे संगणक, राज्यांच्या राजधान्यांत मध्यम, आणि जिल्ह्यांत पीसी. जिल्ह्याच्या वाट्याला आले ते नेमके हे ६४० ची हद्द असलेले यंत्र, आणि छतावर एक लहान तबकडी.

बालाघाटच्या लोकांना असल्या हद्दीची कल्पना वेगळी समजावून सांगावी लागली नसती. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी सातपुडा रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी अडीच फुटी रुळांवर बांधली गेली आणि नव्वदच्या दशकातही त्याच रुळांवर धावत होती. गोंदियाला मोठ्या गाडीतून उतरलेला माल लहान डब्यांत भरल्याशिवाय पुढे जात नसे. एकदा घातलेला रूळ कितीही अरुंद ठरला तरी त्यावर उभ्या राहिलेल्या सगळ्या गोष्टी त्याच मापाच्या होतात.

पीसीवरही अशीच माल उतरवून भरण्याची सोय निघाली. लोटसचे तक्ते इतके मोठे होऊ लागले की ६४० किलोबाइटमध्ये मावेनात, तेव्हा १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून विस्तारित मेमरीचा, म्हणजे ईएमएसचा, करार ठरवला. वरच्या ३८४ मध्ये ६४ किलोबाइटची एक रिकामी खिडकी निवडायची. तिच्यात १६ किलोबाइटची चार दारे. वेगळ्या कार्डावर आठ मेगाबाइटपर्यंत मेमरी बसवायची आणि प्रोग्राम मागेल ते पान त्या दारात आणून उभे करायचे. एमपी/एमच्या पेट्यांचीच ही नवी आवृत्ती. १९८७ च्या चौथ्या आवृत्तीने मर्यादा ३२ मेगाबाइटवर नेली आणि केवळ तक्तेच नव्हे तर चालते प्रोग्रामही पानांतून आतबाहेर नेण्याची मुभा दिली. तिच्या जोरावर एकापेक्षा अधिक डॉस प्रोग्रामांना पाळीपाळीने चालवणे शक्य झाले. मात्र प्रोग्राम या कराराला अनुसरून लिहिलेला हवा. नसेल तर आठ मेगाबाइट कार्डावर पडून राहत आणि पडद्यावर मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई.

दरम्यान इंटेलने राखणदार चिपेतच बसवला होता. १९८२ ची ८०२८६ चोवीस तारांची होती, १६ मेगाबाइटपर्यंत जाई, आणि तिच्या संरक्षित अवस्थेत एक प्रोग्राम दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवू शकत नसे. ऑगस्ट १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये ती आली. पण तिच्यात एक विचित्र उणीव होती. संरक्षित अवस्थेत जाण्याची आज्ञा होती, परत येण्याची नव्हती. डॉसचे सगळे प्रोग्राम जुन्या अवस्थेतलेच, त्यामुळे परत येणे तर रोजचे काम. आयबीएमने जो तोडगा काढला तो अभियांत्रिकीच्या इतिहासात विनोद म्हणून जपण्याजोगा आहे. कळफलक सांभाळणाऱ्या लहानशा चिपेची एक पिन मोकळी होती. ती प्रोसेसरच्या रीसेटला जोडली. परत यायचे झाले की बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत एक खूण ठेवायची, कळफलकाच्या चिपेला विनंती करायची, ती प्रोसेसरला बेशुद्ध करी, तो शुद्धीवर येऊन बायोसपासून सुरुवात करी, बायोस खूण पाही आणि नेहमीप्रमाणे यंत्र सुरू करण्याऐवजी त्याला पूर्वीच्या जागी आणून सोडी. सेकंदाला अनेकदा हे करायचे तर यंत्र मंदावणारच.

त्याच चिपेवर आणखी एक ओझे पडले. जुन्या ८०८८ मध्ये एक मेगाबाइटच्या पलीकडचा पत्ता काढला तर तो फिरून शून्याकडे येई, आणि काही प्रोग्राम या फेऱ्यावर विसंबून होते. २८६ मध्ये जास्त तारा असल्याने फेरा होईना. म्हणून एकविसावी तार, ए-२० या नावाची, बंद ठेवण्याची सोय आयबीएमने केली आणि तिचे फाटकही कळफलकाच्या चिपेच्या हाती दिले. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले की फाटक उघडे ठेवले तर जुन्या अवस्थेतही एक मेगाबाइटच्या वर ६५,५२० बाइट आवाक्यात येतात. हा योगायोगाने हाती लागलेला तुकडा १९८८ च्या एक्सएमएस या मेमरीच्या करारात ‘उच्च मेमरी’ म्हणून नोंदवला गेला.

२८६ चा राखणदार ज्यांनी खरोखर वापरला त्यांत युनिक्सवाले पुढे होते. मायक्रोसॉफ्टच्या झेनिक्स या युनिक्सच्या आवृत्तीने एका पीसी-एटीवर अनेक टर्मिनले चालवता येत, आणि यंत्रे महाग असलेल्या भारतात हा हिशेब पटणारा होता. भारतीय कंपन्यांनी युनिक्सची वाट अमेरिकेतल्या पीसी बाजारापेक्षा लवकर धरली. सी-डॅकनेही युनिक्ससाठी जिस्ट टर्मिनले काढली. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांचे ओएस/२ डिसेंबर १९८७ मध्ये आले, तेही २८६ साठीच. त्यात जुन्या डॉस प्रोग्रामसाठी एकच खोली होती, आणि १९८८ मध्ये मेमरीच्या चिपांचा जगभर तुटवडा पडून भाव चढले असताना त्याला काही मेगाबाइट हव्या होत्या. ग्राहक डॉसवरच थांबले.

आयबीएमच्या पंथाबाहेरची यंत्रे याच प्रश्नाला वेगळी उत्तरे देत होती. जानेवारी १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये १२८ किलोबाइट होते आणि त्यातले जवळजवळ २२ एकटा पडदा खाई. तिथे प्रोग्रामला जागेचा थेट पत्ता मिळत नसे. पत्ता जिथे लिहिला आहे तिथला पत्ता मिळे. त्यामुळे प्रणालीला सामान सरकवून भोके बुजवता येत. अँडी हर्ट्झफेल्ड यांच्या स्विचरने १९८५ मध्ये ५१२ किलोबाइटच्या मॅकचे ठरावीक आकाराचे वाटे पाडून त्यांत अनेक प्रोग्राम ठेवले, मल्टिफाइंडरने १९८७ मध्ये ते पुढे नेले, आणि एखाद्या प्रोग्रामला नेमलेली जागा अपुरी पडली तर तो आकडा वापरणाऱ्यालाच बदलावा लागे. १९८५ च्या अमिगाने २५६ किलोबाइटमध्ये खरेखुरे अनेक प्रोग्राम एकत्र चालवले, तेही राखणदाराशिवाय. एकाचा पाय घसरला की सगळे पडत.

डॉसच्या जगाची गाठ सुटली ती ८०३८६ मुळे. ऑक्टोबर १९८५ मध्ये इंटेलने ही ३२-बिटी चिप आणली. कॉम्पॅकने सप्टेंबर १९८६ मध्ये आयबीएमच्या आधी तिचे यंत्र विकायला काढले. तिच्यात मेमरीची चार किलोबाइटची पाने होती आणि कोणते पान कुठे दिसेल हे एका तक्त्यावर ठरे. त्याहून मोलाची होती ती आभासी ८०८६ ही अवस्था. तिच्यात डॉसच्या प्रोग्रामला शून्यापासून एक मेगाबाइटपर्यंतची आपली संपूर्ण जमीन दिसे, तळाची यादी दिसे, पडद्याची मेमरी दिसे. प्रत्यक्षात ती पाने दहा-बारा मेगाबाइटच्या साठ्यात कुठेही विखुरलेली असत. प्रोग्राम पडद्यावर समोर असेल तर त्याची पडद्याची पाने खऱ्या पडद्यावर उघडत; मागे गेला की तीच पाने साध्या मेमरीकडे वळवली जात, आणि तो बिचारा न दिसणाऱ्या पडद्यावर लिहीत राही. कोणी तळाच्या यादीत ढवळाढवळ केली तर फक्त आपल्या प्रतीत करी. १९८१ च्या नकाशात गृहीत धरलेला एकटेपणा आता प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्रपणे मिळू लागला.

क्वार्टरडेक या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीने हे आधी ओळखले. तिचे डेस्कव्ह्यू १९८५ पासून होते. ३८६ वर क्यूईएमएम या मेमरी व्यवस्थापकाच्या जोडीने ते डॉसचे अनेक प्रोग्राम चौकटींत एकाच वेळी चालवू लागले. मायक्रोसॉफ्टने विंडोज/३८६ हे १९८७ मध्ये काढले, पण लोकांनी विंडोज घेतले ते २२ मे १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून. ती यंत्र पाहून तीनपैकी एका पद्धतीने चाले. साध्या यंत्रावर जुन्या रीतीने. २८६ वर संरक्षित अवस्थेत, जिथे मागे गेलेला डॉस प्रोग्राम अख्खा डिस्कवर उतरवला जाई. आणि दोन मेगाबाइट मेमरी असलेल्या ३८६ वर आभासी यंत्रांसह. तरीही अडीच फुटी रूळ तिच्या पोटात होते. खिडक्या, बटणे, अक्षरसंच यांच्या नोंदी ठेवण्यासाठी तिच्या दोन मुख्य भागांना ६४-६४ किलोबाइटच्या पेट्या होत्या. त्या भरल्या की आठ मेगाबाइट मोकळे असूनही विंडोज मेमरी संपल्याचे सांगे, आणि वापरणारा पैसे खर्चून आणखी चिपा आणी. त्यांनी काही होत नसे.

ज्यांनी डॉस सोडला नाही त्यांच्यासाठी १९९० मध्ये डिजिटल रिसर्चच्या डीआर-डॉस ५ ने आणि जून १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉस ५ ने नवी सोय केली. डॉसचा गाभा त्या योगायोगाच्या उच्च मेमरीत चढवायचा, आणि ३८६ ची पाने वापरून ३८४ मधल्या रिकाम्या गाळ्यांत निवासी प्रोग्राम बसवायचे. मग ६४० पैकी सहाशेच्या वर जागा मोकळी दिसे. यासाठी कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन फायलींत ओळींचा क्रम लावावा लागे. आधी मोठा निवासी की लहान, यावर दहा-वीस किलोबाइटचा फरक पडे. कॉम्प्युटरच्या क्लासेसमध्ये, दुरुस्तीच्या दुकानांत या दोन फायलींची चर्चा पाककृतीसारखी चाले. १९९३ च्या डॉस ६ मध्ये मेममेकर नावाचा प्रोग्राम हा क्रम स्वतःच लावून पाहू लागला, यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून. मेमरी स्वस्त आणि प्रोसेसर वेगवान झाल्यावर सी-डॅकनेही कार्डाचे काम कार्डाशिवाय करणारे जिस्ट शेल हे निवासी सॉफ्टवेअर काढले. ओसरीवर गेलेली लिपी पुन्हा घरात आली.

२४ ऑगस्ट १९९५ च्या विंडोज ९५ ने प्रत्येक ३२-बिटी प्रोग्रामला स्वतंत्र पत्त्यांचे विश्व दिले. जुने १६-बिटी प्रोग्राम मात्र त्यात एकाच खोलीत राहत, आणि त्यातला एक अडला की सगळ्यांना खोळंबावे लागे. हद्द आता सामान्य वापरणाऱ्याच्या नजरेआड गेली. देवनागरी तोवर फाँटांच्या गोंधळात सापडली होती; प्रत्येक कंपनीचे संकेत निराळे, एकाचा मजकूर दुसऱ्याकडे वाचता येईना. विंडोज २००० मध्ये युनिकोड या सर्व लिपींच्या सामाईक संकेतसंचातली देवनागरी प्रणालीच्या आतच आली. युनिकोडच्या तक्त्यात ती ज्या क्रमाने मांडली आहे तो क्रम इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेला आहे.

ए-२० चे फाटक त्यानंतरही बरीच वर्षे इंटेलच्या चिपांत राहिले. चौसष्ट-बिटी अवस्थेत आभासी ८०८६ चालत नाही, म्हणून चौसष्ट-बिटी विंडोजमध्ये डॉसचा प्रोग्राम थेट सुरू होत नाही. जुनी डीबेसची नोंदवही उघडायची झाली तर डॉसबॉक्ससारखा प्रोग्राम लागतो. तो ८०८८ च्या वंशातली सगळी चिप सॉफ्टवेअरमध्ये उभी करतो, तिच्यापुढे एक मेगाबाइट मांडतो आणि त्यात ६४० वर रेषा ओढतो.